न दिसणारा बोलीदार

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू असताना पहिल्यांदा जाणवतो तो गोंगाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, कुणी मूठभर कांदा उचलून पत्ती बघतो, कुणी एखादा कांदा दाबून पाहतो, पुकारणारा भाव चढवत नेतो आणि बघता बघता सौदा ठरतो. शेतकरी तिथेच उभा असतो. आपला माल कुणी घेतला, कितीवर कोण मागे सरला, कोण उगाच बोलत होता, हे त्याला दिसत असतं. काही बाजारांत हत्ता पद्धत चालायची. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तिथे आकडा झाकलेला असे, माणूस मात्र समोर असे.

ऑनलाइन लिलावानं नेमकं याच्या उलट केलं. आकडा साऱ्या जगाला दिसतो आणि माणूस झाकलेला राहतो. बोली लावणारा कोण, त्याच्या खिशात पैसे आहेत का, विकणाऱ्याकडे वस्तू खरोखर आहे का, फोटोतली वस्तू आणि खोक्यातली वस्तू एकच आहे का, यातलं काहीही डोळ्यांना कळत नाही. बाजारात जे काम चेहरा, ओळख आणि गावातली अब्रू करत होती, ते सगळं इथे नियमांना करावं लागतं. गेल्या तीस वर्षांत ऑनलाइन लिलावांबद्दल ज्या तक्रारी झाल्या, त्यांतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एखादा तोकडा पडलेला नियम सापडतो. म्हणून हे प्रकरण वस्तूंपेक्षा नियमांबद्दल अधिक आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. सप्टेंबर १९९५ मध्ये पियर ओमिड्यार या संगणक अभियंत्यानं ‘ऑक्शनवेब’ नावाची एक साधी साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर आले. वस्तू बंद पडलेली आहे हे ठाऊक आहे ना, असं ओमिड्यारनं घेणाऱ्याला विचारलं, तर तो बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवत होता. या किश्श्यात ऑनलाइन लिलावाची खरी ताकद दिसते. एकाच्या घरातली अडगळ दुसऱ्याला हवी असते आणि एरवी या दोघांची गाठ कधीच पडली नसती. ती ताकद खरी आहे, म्हणून तर इतका मनस्ताप सोसूनही लोक तिथे परत परत जातात.

नव्या खरेदीदाराला पहिला धक्का देतं ते घड्याळ.

समजा, एक जुना पितळी अडकित्ता लिलावात आहे. मुदत सात दिवसांची. घोड्याच्या तोंडाची मूठ, पात्याजवळ थोडा गंज, फोटो बरा आलेला. एक जण पहिल्याच दिवशी ८० डॉलरची मर्यादा टाकून ठेवतो. ईबेवर ही मर्यादा कुणाला दिसत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर राहील एवढीच बोली यंत्रणा त्याच्या वतीनं लावत जाते. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात ती पायरी एका डॉलरची असते. सहा दिवस तो सर्वांत पुढे आहे आणि भाव ४० डॉलरवर अडकलाय. सातव्या दिवशी शेवटची दहा सेकंदं उरतात, आकडा अजून ४०. चार सेकंदं उरलेली असताना आकडा एकदम ८१ वर जातो आणि लिलाव संपतो. अडकित्ता दुसऱ्याच्या घरी गेला.

‘एका डॉलरनं हुकलं’ ही हळहळ ऑनलाइन लिलावात सर्वांत जास्त ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. शेवटच्या क्षणी आलेल्या माणसानं कदाचित ११० डॉलरची मर्यादा टाकली असेल. यंत्रणेनं त्याच्याकडून ८० वर एक पायरी, एवढेच घेतले. पहिल्यानं ८२ टाकले असते तर तो ८३ ला हरला असता, १०५ टाकले असते तर १०७.५० ला, कारण शंभरच्या पुढे पायरी अडीच डॉलरची होते. जिंकणाऱ्यानं आपली नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाची किंमत मोजायची, या कल्पनेचं शास्त्र विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्येच मांडलं होतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि अवघ्या तीन दिवसांनी ते वारले. अशा लिलावात वस्तूची स्वतःला वाटणारी खरी किंमत एकदाच लिहून गप्प बसणं शहाणपणाचं, असं त्यांचं गणित सांगतं.

माणसं मात्र गप्प बसत नाहीत. आपल्यापुढे कुणी गेलं की अनेकांना आणखी दोन डॉलर टाकावेसे वाटतात, मग आणखी दोन. अशा चढाओढीतून वाचायचं म्हणून जाणते खरेदीदार शेवटपर्यंत लपून राहतात. या पद्धतीला इंग्रजीत स्नायपिंग म्हणतात, म्हणजे दबा धरून नेम साधणं. त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर निघालं. माणूस झोपलेला असताना ते त्याच्या वतीनं शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतं. शेवटच्या क्षणी बोली लावणं ईबेच्या नियमांत बसतं.

हे सगळं एका छोट्या नियमामुळे घडतं, हे ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मधल्या एका निबंधात दाखवून दिलं. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवत असे. ईबेवर लिलाव ठरल्या सेकंदाला संपायचा. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, तर मुदत आपोआप पुढे सरकायची. दोघांनी नमुन्यादाखल लिलाव तपासले. ईबेवरच्या २४० लिलावांपैकी ८९ लिलावांत शेवटच्या मिनिटात बोली आलेली होती, २९ लिलावांत तर शेवटच्या दहा सेकंदांत. ॲमेझॉनवर शेवटच्या मिनिटात आलेली बोली एकच होती. माणसं सारखीच होती, वस्तूही सारख्याच, फरक फक्त लिलाव संपवण्याच्या नियमाचा होता. रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, ते बाजारांच्या रचनेवरच्या कामासाठी.

मुदत वाढवण्याचा हाच नियम लोभी हातांत पडला, तर काय होतं तेही जगानं पाहिलं. ‘स्वूपो’ नावाच्या जर्मन साइटवर प्रत्येक बोलीला शुल्क होतं, अमेरिकेत ते ६० सेंट असे. बोली लावली की वस्तूचा भाव अगदी थोडा चढे आणि घड्याळ काही सेकंदं पुढे जाई. जिंकणाऱ्याला लॅपटॉप कवडीमोल भावात मिळे आणि जाहिरात त्याचीच होई. हरलेल्या शेकडो लोकांचे बोलीचे पैसे मात्र परत येत नसत. नेड ऑगनब्लिक या अर्थतज्ज्ञानं अशा १,६०,००० हून अधिक लिलावांची आकडेवारी तपासली, तेव्हा चालवणाऱ्या कंपनीला वस्तूच्या किमतीच्या सरासरी दीडपट पैसे मिळत असल्याचं दिसलं. आतापर्यंत एवढे गेलेत, आता कसं सोडायचं, या एका विचारावर तो धंदा उभा होता. २०११ मध्ये तो बंद पडला.

घड्याळानंतर येतो टपालखर्च. एक सेंटला सीडी आणि पाठवणीचे चार डॉलर, अशा नोंदी ईबेवर पूर्वी सर्रास असत. खरेदीदार चढत्या आकड्याकडे पाहत राहतो आणि खालच्या ओळीतला खर्च मनात पुरता धरत नाही, हे तन्जीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी सीडी आणि व्हिडिओ गेमच्या ८० लिलावांतून दाखवलं. सुरुवातीची बोली कमी आणि पाठवणी महाग ठेवली, की विकणाऱ्याच्या हाती एकूण पैसे बहुधा जास्त पडत. त्यातून साइटचं कमिशनही वाचायचं, कारण ते फक्त वस्तूच्या किमतीवर लागे. २०११ मध्ये ईबेनं अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन लावलं आणि ही पळवाट बरीचशी बुजली.

परक्या माणसावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर, हा प्रश्न ओमिड्यारला पहिल्या काही महिन्यांतच पडला. भांडणं सोडवत बसण्याऐवजी त्यानं फेब्रुवारी १९९६ मध्ये शेऱ्यांची पद्धत आणली. व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल चांगलं-वाईट उघड लिहायचं. गावात पत कशी तयार होते, त्याचंच हे लेखी रूप. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी १९९९ मधले व्यवहार तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा लोकांनी शेरे लिहिल्याचं आढळलं. कुणावर सक्ती नव्हती, तरी लिहिले. पण त्यांतले ९९ टक्के शेरे चांगले होते.

एवढा चांगुलपणा शक्य आहे का? पूर्णपणे नाही. खरेदीदारानं वाईट लिहिलं की विक्रेता उलट वाईट लिहून हिशेब चुकता करी. म्हणून फुटकी बशी आली तरी लोक मुकाट्यानं बसत. २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. त्याविरुद्ध विक्रेत्यांनी त्याच वर्षी बहिष्काराचं हत्यार उपसलं, कारण पारडं आता दुसऱ्या बाजूला झुकलं होतं. थोडे पैसे परत द्या, नाहीतर वाईट लिहीन, अशी अडवणूक करणारा खरेदीदार त्यांच्या वाट्याला येऊ लागला. छोट्या विक्रेत्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांचा एक प्रयोग केला. सारखीच कार्डं, काही जुन्या नावाजलेल्या खात्यावरून आणि काही कोऱ्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्या खात्याला ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. पत म्हणजे रोख पैसा, हे त्या आकड्यात दिसतं. घर चालवणाऱ्या विक्रेत्याचा एका खोट्या शेऱ्यानं जीव का कासावीस होतो, तेही त्यातूनच कळतं.

शेऱ्यांवर उभी असलेली पत किती पोकळ असू शकते, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मे २००० मधलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा वकील केनेथ वॉल्टन यानं ईबेवर एक अमूर्त चित्र ठेवलं. सुरुवातीची बोली २५ सेंट. वर्णन अगदी घरगुती: चित्र जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळालं, बायको घरात लावू देत नाही, मुलानं तीनचाकी सायकल आपटून त्याला भोक पाडलं. चित्रकाराचं नाव कुठेही नाही. फक्त एका फोटोच्या कोपऱ्यात आद्याक्षरं आणि ५२ हा आकडा दिसत होता. ती अक्षरं पाहून जाणकारांना रिचर्ड डीबेनकॉर्न हा थोर अमेरिकी चित्रकार आठवला आणि आपल्याला अनोळखी खजिना सापडला असं प्रत्येकाला वाटू लागलं. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. घेणारा नेदरलँड्सचा होता.

वॉल्टनला ना बायको होती, ना मूल. आद्याक्षरं त्यानंच घातली होती. तो आणि त्याचे दोन साथीदार वेगवेगळ्या खोट्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावून भाव फुगवत आणि एकमेकांना उत्तम शेरेही देत. आपल्याकडे लिलावात अशा माणसाला पंटर म्हणतात. बाजारात पंटर दोन-चार आठवड्यांत ओळखू येतो. पडद्यावर एकच माणूस वीस नावांनी उभा राहू शकतो. बातमी फुटल्यावर ईबेनं ती विक्री रद्द केली, कारण वॉल्टननं स्वतःच्या वस्तूवर बोली लावल्याचं उघड झालं. २००१ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. वकिलीची सनद गेली. पुढे त्यानं या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. इथे फसवणूक झालेला माणूस अडाणी नव्हता. आपण जास्त शहाणे आहोत या त्याच्या विश्वासाचाच फास बनवला गेला.

विक्रेत्यांची बाजूही तितकीच त्रासाची आहे. त्यांचं सर्वांत जुनं दुखणं म्हणजे बोली जिंकून पैसे न देणारा माणूस.

२००७ मध्ये ईबेवर ऑलसॉप्स आर्क्टिक एलची एक सीलबंद बाटली विक्रीला आली. ही बिअर १८५२ मध्ये एडवर्ड बेल्चर यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी बनवलेली. विक्रेत्यानं नावातलं एक अक्षर गाळलं. त्यामुळे शोधणाऱ्यांना ती नोंद सापडलीच नाही आणि बाटली ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्यानं स्पेलिंग सुधारून ती पुन्हा लिलावात ठेवली आणि बोली ५,०३,३०० डॉलरवर पोचली. जगभर बातम्या झाल्या. पण ती बोली खरी नव्हती, पैसे आलेच नाहीत. एका अक्षरानं पहिल्या विक्रेत्याचं नुकसान केलं आणि एका थट्टेखोरानं दुसऱ्याचं.

भारतातलं ताजं उदाहरण नोव्हेंबर २०२५ चं. हरियाणाच्या परिवहन विभागाच्या ऑनलाइन लिलावात ‘एचआर ८८ बी ८८८८’ या वाहन क्रमांकासाठी बोली ५० हजारांवरून १ कोटी १७ लाखांवर गेली. इंग्रजी बी हे अक्षर आठसारखं दिसतं, म्हणून आठांची सलग रांग झाल्याचा भास होतो, हीच त्याची मोहिनी. बोली जिंकणाऱ्यानं मुदतीत पैसे भरले नाहीत. अनामत जप्त झाली आणि क्रमांक पुन्हा लिलावाला काढायची वेळ आली. कोटींच्या बोलीसमोर अनामत काही हजारांचीच होती. सभागृहात एवढी बोली लावणाऱ्याकडे शंभर डोळे वळले असते. इथे फक्त एक बटण दाबायचं होतं.

मराठी संग्राहकांचा या सगळ्याशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो नाण्यांमुळे. छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आजही अनेकांना हवी असते आणि सोन्याचा होन तर दुर्मिळच. पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराई घेताना जाणता माणूस ती आधी तळहातावर तोलतो, कडेवरून नख फिरवतो, अक्षरांच्या खोबणीतला मळ पाहतो. ओतीव नकलेची कड गुळगुळीत लागते, अक्षरांच्या आसपास बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असायला हवं. फोटोत यातलं काहीच कळत नाही. विकणाऱ्यानं तराजूवर ठेवून फोटो दिला, तरी तो कोणत्या नाण्याचा, हे कोण सांगणार? त्यात रोमन लिपीतल्या शिवराईची तऱ्हा वेगळीच. कुणी एक ए घालतं, कुणी दोन, कुणी आय ऐवजी ई. एका स्पेलिंगनं शोधणाऱ्याला दुसऱ्या स्पेलिंगची नोंद दिसत नाही. चिकाटीनं सगळी स्पेलिंगं टाकून पाहणाऱ्याला कधी कधी खरंच स्वस्तात चांगलं नाणं मिळतं.

दुसऱ्या टोकाला राम-सीता-हनुमानाची चित्रं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ वगैरे सालं असलेल्या बिल्ल्यांची विक्री जोरात चालते. लाखोंचं नाणं म्हणून ते दाखवले जातात. कंपनीनं अशी नाणी कधीच चलनात आणली नव्हती. देव्हाऱ्यातला असा बिल्ला विकून मुलीचं लग्न होईल, अशी आशा धरून बसलेली कुटुंबं आहेत आणि त्यांच्या आशेवर जगणारी टोळकीही आहेत. तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, त्याआधी प्रक्रिया शुल्क भरा, रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, असं सांगून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

कायद्याची आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या आप्तानं ईबेवर ठेवलं, इथून कुरिअर केलं, हा सरळ गुन्हा आहे, मग बोली कितीही प्रामाणिक असो.

भारतात ऑनलाइन लिलाव मुंबईतून आले. २००० मध्ये अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी ‘बाझी डॉट कॉम’ सुरू केली. २००४ मध्ये ईबेनं ती सुमारे पाच कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एका विद्यार्थ्यानं त्या साइटवर एक अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली आणि डिसेंबरमध्ये बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावरची कारवाई रद्द केली. दरम्यान माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन मध्यस्थ साइटला, ठराविक काळजी घेतली असल्यास, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरापासून संरक्षण मिळालं. ते आवश्यकच होतं. पण फसलेल्या ग्राहकाला मग एकच उत्तर मिळू लागलं: आम्ही फक्त जागा देतो, व्यवहार तुमचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यावर थोडा उतारा दिला. तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची, महिन्याच्या आत निवारण करायचं. भारतातली ईबे मात्र त्याआधीच, ऑगस्ट २०१८ मध्ये, बंद झाली होती. तिच्या ‘पैसापे’ या सोयीत वस्तू मिळेपर्यंत खरेदीदाराचे पैसे मधल्या मध्ये थांबवून ठेवले जात. आज वापरलेल्या वस्तू विकायच्या साइटांवर अशी मधली तिजोरी बहुधा नसते. म्हणूनच सोफा विकायला काढलेल्या माणसाला कुणीतरी क्यूआर कोड पाठवतो, पैसे घ्यायला हा स्कॅन करून पिन टाका म्हणतो आणि खातं रिकामं होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. असं घडलंच तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावं, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता वाढते.

मात्र आज महाराष्ट्रात ऑनलाइन लिलावाचा मोठा पैसा नाण्यांत नाही आणि मोबाइलमध्येही नाही. तो आहे थकलेल्या कर्जापोटी बँकांनी विकायला काढलेल्या सदनिका, गाळे आणि भूखंडांत. वर्तमानपत्राच्या मागच्या पानांवर बारीक टायपात या नोटिसा रोज येतात. त्यांत तीन शब्दप्रयोग हमखास असतात: ‘जे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’, ‘जे काही आहे तेथे आहे’. घाईत वाचणारा राखीव किंमत पाहतो, शेजारच्या इमारतीतल्या भावाशी ताडून पाहतो आणि हरखतो. पण सगळी जोखीम त्या तीन शब्दप्रयोगांत भरलेली असते. सोसायटीची थकबाकी, वीजबिल, मालमत्ता कर, आत राहणारा भाडेकरू, सगळं त्यात येतं. ताबा ‘प्रतीकात्मक’ असेल तर याचा अर्थ दारावर नोटीस लागली आहे, किल्ली बँकेकडे नाही. जुन्या मालकाची वीजथकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये केरळ वीज मंडळाशी संबंधित खटल्यात मान्य केलं. म्हणून बोलीच्या आधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन थकबाकीचा आकडा लेखी घेणं आणि एकदा तरी त्या जिन्यात उभं राहून दार कोण उघडतंय ते पाहणं याला पर्याय नाही.

या लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत सहसा पाच मिनिटांनी वाढते. म्हणजे ॲमेझॉनचा तो जुना नियमच. दबा धरण्याचा इथे उपयोग नाही. इथे दडपण पैशांचं असतं. इसारा रक्कम आधी भरायची. बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण किमतीच्या २५ टक्के पूर्ण करायचे, उरलेले ७५ टक्के विक्री निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी संमतीनं जास्तीत जास्त तीन महिने. बँकेकडून गृहकर्ज घेऊन ही रक्कम भरू म्हणणाऱ्याचा इथेच घात होतो, कारण जिंकल्यावर कर्जाचा अर्ज केला, तर पंधरा दिवस पुरत नाहीत. तमिळनाडूतल्या एका खरेदीदारानं १२.२७ कोटींची बोली जिंकली, चौथाई म्हणजे तीन कोटींहून अधिक भरले आणि उरलेले जमवता आले नाहीत. बँकेनं ती सगळी रक्कम जप्त केली आणि नंतर तीच मालमत्ता १४.७६ कोटींना विकली. बँकेचं नुकसान झालेलं नसताना एवढी जप्ती योग्य का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं संपूर्ण जप्ती कायम ठेवली. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, हे खरं. तरी बँकेला जास्त पैसे मिळाल्यावरही त्या माणसाचे तीन कोटी जावेत, हे मनाला लागतं.

पैसे वेळेत भरणाऱ्यालाही वाट सरळ मिळेलच असं नाही. नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भूखंडाचा ई-लिलाव ३० जून २०२३ रोजी झाला. राखीव किंमत १०५ कोटी, जिंकलेली बोली १०५ कोटी ५ लाख. बोली लावणाऱ्या सेलिर या संस्थेनं सगळी रक्कम भरली. तेवढ्यात कर्जदार बाफना मोटर्सनं १२९ कोटी देऊन भूखंड सोडवण्याची तयारी दाखवली आणि मुंबई उच्च न्यायालयानं तशी परवानगी दिली. जिंकलेला बाहेर पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो, नाहीतर लिलावावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा आशय होता. दरम्यान भूखंडावरचे हक्क तिसऱ्याकडे गेले होते. ताबा आणि मूळ कागदपत्रांसाठी सेलिरला अवमान याचिका करावी लागली आणि त्यावरचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये आला. पडद्यावर ती बोली जिंकली गेली त्याला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं.